किण्वांची खतावणी

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात ताळेबंद, जमाखर्च पत्रक आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीला एक माहितीपर लेख देण्याचा प्रघात विश्वस्त मंडळाने सुरू केला, त्यास बरीच वर्षे झाली. आजवरचे लेख आपल्या डॉक्टरमंडळींनी लिहिले. या वर्षी हे काम माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या पदवीधराकडे का आले, त्याचे कारण लेखाच्या ओघात येईलच. ते मला फारसे भूषणावह नाही.

सन २०१९ च्या पावसाळ्यात पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात असलेल्या एका सेवानिवृत्त शिक्षकांना ताप येऊ लागला. प्रतिजैविके चालू असूनही तो उतरेना. रक्त तपासणीस पाठविले, तेव्हा त्यात जीवाणू नव्हे तर यीस्ट वाढले. तपासणीयंत्राने त्याचे नाव छापले : कँडिडा हेम्युलोनी. आमच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या प्रमुख डॉक्टर बाईंना या नावाची शंका आली. हे यंत्र ज्या जातीला ओळखत नाही तिला नेमके हेच नाव देते, असे त्यांच्या वाचनात आले होते. त्यांनी नमुना मोठ्या संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठविला आणि उत्तराची वाट न पाहता नेहमीचे फ्लुकोनॅझोल बंद करून दुसऱ्या गटातील महाग औषध सुरू करावयास सांगितले. आठ दिवसांनी उत्तर आले : कँडिडा ऑरिस. औषध वेळेवर बदलल्यामुळे गुरुजी बरे होऊन घरी गेले.

प्रश्न त्यानंतर उभा राहिला. गुरुजींच्या मुलाने कार्यालयात येऊन अतिशय सौजन्याने विचारले, "साहेब, बाबांना हे लागले कुठून?" तीन आठवड्यांपूर्वी शेजारच्याच खाटेवरील एक रुग्ण रक्तातील कँडिडाच्या संसर्गाने दगावला होता. त्याच्या अहवालात केवळ 'कँडिडा' एवढेच लिहिलेले होते, पुढची ओळख करून घेण्याचा त्या काळी आमच्याकडे रिवाज नव्हता. दोघांचे यीस्ट एकच होते काय, हे सांगण्यासाठी पहिल्या रुग्णाचा नमुना हवा होता. तो नियमाप्रमाणे आठवड्याभरात वाफेच्या दाबाखाली नष्ट करण्यात आला होता. नमुने जपून ठेवण्यासाठी उणे ८० अंशांचे शीतकपाट मिळावे, ही विभागाची मागणी लागोपाठ दोन वर्षे अंदाजपत्रकात आली होती आणि दोन्ही वेळा ती 'पुढील वर्षी विचार करावा' या शेऱ्यासह बाजूला ठेवणारा मीच होतो. त्या मुलाला देण्यासाठी माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हापासून जमेल तसे मी हा विषय वाचू लागलो. यीस्ट ओळखणे आणि ते जपून ठेवणे यासाठी जगात काही माणसांनी आपले उभे आयुष्य दिले आहे, हे मला ठाऊक नव्हते. त्यांच्या कामाची ओळख आपल्या देणगीदारांना व रुग्णांच्या आप्तांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

यीस्ट, अर्थात किण्व, ही बुरशीच्या कुळातील एकपेशीय वनस्पतीसदृश सृष्टी असे पूर्वी आम्हाला शाळेत शिकविले जात असे. आता शास्त्रज्ञ बुरशींना वनस्पती मानीत नाहीत, त्यांचे स्वतंत्र विश्व मानतात. पाव फुगतो, ताडी आंबते, द्राक्षरसाची वारुणी होते, ती यीस्टमुळे. हॉलंडमधील डेल्फ्ट या गावचे कापडव्यापारी आंतोनी फान लेव्हेनहूक यांनी १६८० साली स्वतः घासलेल्या भिंगातून बिअरच्या थेंबातील हे गोल कण प्रथम पाहिले. ते सजीव असतील ही कल्पना त्यांना शिवली नव्हती. कण सजीव आहेत आणि आंबण्याचे कारण तेच आहेत, हे मान्य व्हावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

आपल्याकडील गृहिणींना यातील अर्धे शास्त्र न शिकविता अवगत असते. विरजण बिघडले की दही तार धरते आणि शेजारणीकडून वाटीभर चांगले विरजण आणावे लागते. (विरजणात प्रामुख्याने जीवाणू असतात, यीस्ट नव्हे, हे डॉक्टर बाईंनी हस्तलिखित वाचताना मला बजावले आहे. तत्त्व मात्र तेच.) कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग बिअर कारखान्यावर हीच आपत्ती ओढवली होती. तेथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एमिल ख्रिस्तियन हान्सेन यांनी १८८३ मध्ये दाखवून दिले, की बिघडलेल्या विरजणात चांगल्या यीस्टबरोबर रानटी यीस्टही मिसळलेले असते. त्यांनी मूळ मिश्रण इतके पातळ केले की एका कुपीत जेमतेम एकच पेशी जावी. त्या एका पेशीपासून वाढविलेले यीस्ट, म्हणजे शुद्ध संवर्ध. कारखान्याचे मालक याकोब्सेन यांनी हा शोध स्वतःपुरता न ठेवता इतर कारखान्यांनाही ते यीस्ट देऊ केले. व्यापाराच्या दृष्टीने हा निर्णय कसा वाटतो, ते वाचकांनी ठरवावे. मला तो फार मोठा वाटला.

शुद्ध संवर्ध मिळाला, पण तो कोणाचा हे कसे ठरवावयाचे? येथे खरी अडचण आहे. झाडे पानाफुलांवरून ओळखता येतात, पक्षी पिसांवरून. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक यीस्ट सारखेच दिसतात : लंबगोल पेशी, एखादीला कळी फुटलेली. जुन्या शास्त्रज्ञांनी म्हणून रूपाऐवजी आहारावर भर दिला. कोणत्या साखरेवर ते वाढते, कोणती साखर आंबवून वायू सोडते, कोणत्या नत्रयुक्त पदार्थावर जगते, बीजाणू धरते की नाही आणि धरल्यास त्यांचा आकार कसा, अशा साठ-सत्तर कसोट्या एकेका यीस्टवर करावयाच्या, आठवडेच्या आठवडे नळ्यांकडे पाहत बसावयाचे आणि तक्ता भरावयाचा. एका साखरेपुढे अधिक की उणे हे चुकले, तर नाव चुकते.

हे काम सर्वांत चिकाटीने झाले ते पुन्हा हॉलंडमध्येच, आणि ते प्रामुख्याने स्त्रियांनी केले. १९०४ साली वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने बुरशींचे संवर्ध एकत्र ठेवणारे केंद्र काढावयाचे ठरविले. त्याचे नाव सेंट्राल ब्युरो फॉर शिमेलकल्चर्स, संक्षेपाने सीबीएस. १९०७ मध्ये त्याची जबाबदारी योहाना वेस्टरडाइक या तरुण विदुषींकडे आली. तेव्हा संग्रहात शंभराहूनही कमी संवर्ध होते. वेस्टरडाइक १९१७ मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. त्या देशातील त्या पहिल्या महिला प्राध्यापक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली ५६ जणांनी डॉक्टरेट मिळविली आणि त्यांतील जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या, हे त्या काळाचा विचार करता लक्षात घेण्यासारखे आहे.

त्यांच्यापैकी एक क्रिस्टिन बर्खाउट. १९२३ साली आपल्या प्रबंधात त्यांनी कँडिडा हे नाव सुचविले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ शुभ्र. तान्ह्या बाळाच्या जिभेवर पांढरा थर जमतो तो कँडिडा अल्बिकन्सचा. आपल्या रुग्णालयाच्या अहवालांवर आठवड्यातून कितीतरी वेळा छापले जाणारे हे नाव एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातून आलेले आहे, हे वाचल्यापासून त्या छापील कागदांकडे पाहण्याची माझी दृष्टी थोडी बदलली.

यीस्टांचा विभाग १९२२ पासून डेल्फ्ट येथे, क्लायव्हर या थोर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत ठेवण्यात आला. तेथे नेली स्टेलिंग-डेकर यांनी १९३१ मध्ये बीजाणू धरणाऱ्या यीस्टांचा आणि याकोमिना लॉडर यांनी १९३४ मध्ये बीजाणू न धरणाऱ्या यीस्टांचा ग्रंथ सिद्ध केला. पुढे लॉडर आणि क्रेगर-फान राय या दोघींनी मिळून १९५२ मध्ये 'द यीस्ट्स' हा एकत्रित ग्रंथ प्रकाशित केला. त्यात दीडशेवर जातींचे वर्णन होते. या ग्रंथाची पाचवी आवृत्ती २०११ मध्ये निघाली, तेव्हा जातींची संख्या सुमारे दीड हजारांवर गेली होती. क्रेगर-फान राय नंतर ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करीत होत्या, म्हणजे मद्याच्या पिंपापासून सुरू झालेली ही विद्या रुग्णाच्या खाटेपर्यंत येऊन पोहोचली होती.

दुसऱ्या महायुद्धातील एक हकीगत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होते. इंग्लंड-अमेरिकेत पेनिसिलिन नावाचे काही अद्भुत औषध निघाल्याच्या वार्ता चोरून ऐकलेल्या रेडिओवरून डेल्फ्टपर्यंत पोहोचत होत्या. तेथील यीस्ट आणि मद्यार्काच्या कारखान्यातील शास्त्रज्ञांनी ते औषध आपणही बनवावयाचे ठरविले. पण कोणत्या बुरशीपासून? त्यांनी वेस्टरडाइक यांच्या संग्रहाकडे हात पसरला. पेनिसिलियम बुरशीचे अनेक संवर्ध तेथे वर्षानुवर्षे नीट नावनिशीवार ठेवलेले होते. त्यांतील अठरांची परीक्षा झाली आणि पी-६ असा क्रमांक दिलेला एक संवर्ध सर्वांत गुणकारी ठरला. जर्मनांना सुगावा लागू नये म्हणून औषधाचे नाव पेनिसिलिन न ठेवता बॅसिनॉल ठेवले. कारखान्यावर नेमलेल्या जर्मन पहारेकऱ्याला तेथेच गाळलेली जिन पुरविली जाई, त्यामुळे दुपारी तो बहुधा निद्रिस्त असे, असे सांगतात. युद्ध संपल्यावर बाहेरून आलेल्या पेनिसिलिनशी ताडून पाहिले, तेव्हा बॅसिनॉल म्हणजे पेनिसिलिनच असल्याची खात्री पटली. वेस्टरडाइक यांच्या सहकाऱ्यांनी ते संवर्ध जतन केले, तेव्हा त्यांचा औषधाशी काही संबंध असेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

अशा संग्रहांचे दैनंदिन काम कसे चालते, हे हिशेबाच्या माणसाला विशेष जवळचे वाटेल. नवा संवर्ध आला की त्याची नोंद होते आणि त्यास कायमचा क्रमांक मिळतो. तो कोणी, कोठून, कशातून आणि कोणत्या दिवशी मिळविला, हे त्यापुढे लिहिले जाते. हा क्रमांक पुन्हा दुसऱ्या कोणास देत नाहीत, जसे बंद झालेल्या खात्याचा क्रमांक बँक दुसऱ्यास देत नाही. मग तो संवर्ध शुद्ध आहे ना, आणि सांगितला तोच आहे ना, हे तपासतात. पूर्वी दर काही महिन्यांनी तो नव्या आगरवर उतरवावा लागे. यात दोन भये असत. एक, पिढ्यान् पिढ्या नळीतील आयत्या अन्नावर जगून त्याचे मूळ गुण हरपत. दुसरे भय अगदी क्षुद्र वाटेल, पण संग्रहपालांची झोप उडविणारे होते : डोळ्यांना जेमतेम दिसणारे माइट नावाचे किडे एका नळीतून दुसऱ्या नळीत शिरत आणि पायांना लागलेले बीजाणू घेऊन सारा संग्रह भेसळीचा करून टाकीत. पुढे संवर्ध गोठवून, त्यातील पाणी निर्वातात काढून घेऊन, काचेच्या कुपीत वितळवून बंद करण्याची रीत आली. अशा कुपीतील यीस्ट कित्येक दशकांनी ओल मिळताच पुन्हा जागे होते. त्याहून भरवशाची जागा म्हणजे उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन. दक्ष संग्रहपाल प्रत्येक संवर्धाच्या प्रती दोन निरनिराळ्या इमारतींत ठेवतो. एका ठिकाणी आग लागली अथवा वीज गेली तरी ठेव बुडत नाही.

एक पारिभाषिक गोष्ट थोडी सविस्तर सांगावयास हवी. नवी जाती जाहीर करताना शास्त्रज्ञाला तिचा एक मूळ नमुना ठरवून तो मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो आणि नियमानुसार तो निष्क्रिय, म्हणजे गोठविलेल्या वा शुष्क अवस्थेत असावा लागतो. त्या जातीचे नाव त्या नमुन्याला कायमचे बांधलेले असते. पुढे कोणासही शंका आली की आपल्या हातातील यीस्ट त्याच्याशी ताडून पाहावयाचे. बाजारातील वजने प्रमाणित वजनाशी ताडून पाहतात, तशातलाच हा प्रकार. प्रमाणित वजन हरवले तर प्रत्येक दुकानदाराचा शेर वेगळा होईल.

साखरेच्या कसोट्यांचा काळ अमेरिकेतील एका कामाने पालटला. इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे तेथील कृषी खात्याची प्रयोगशाळा असून तिच्याजवळ सूक्ष्मजीवांचा प्रचंड संग्रह आहे. तेथील क्लिटस कर्ट्झमन आणि क्रिस्टी रॉबनेट यांनी १९९८ मध्ये सुमारे ५०० जातींच्या जनुकीय लिपीतील एकच ठरावीक तुकडा वाचून सर्वांची तुलना प्रसिद्ध केली. तो तुकडा जेमतेम सहाशे अक्षरांचा. दोन यीस्टांत त्यातील एक टक्क्याहून अधिक अक्षरे भिन्न असतील तर ती बहुधा भिन्न जातीची, असा ढोबळ नियम त्यातून हाती आला. हे काम दोघांना करता आले, कारण पाचशे जातींचे मूळ नमुने आधीच्या माणसांनी जिवंत राखले होते. वर्णनाच्या कागदातून जनुक काढता येत नाही.

या नव्या कसोटीने कित्येक जुनी नाती खोटी ठरली आणि नावे बदलली. आमच्या विभागाच्या भिंतीवर कँडिडा क्रुसाय आणि कँडिडा ग्लॅब्राटा ही नावे ठळक अक्षरांत लावलेली असत, कारण पहिलीवर फ्लुकोनॅझोल चालतच नाही आणि दुसरीवर ते बरेचदा अपुरे पडते. आज पहिलीचे शास्त्रीय नाव पिकिया कुड्रियाव्झेव्ही आणि दुसरीचे नाकासिओमायसिस ग्लॅब्राटस झाले आहे. एका बुरशीला एकच नाव असावे, असा ठराव २०११ मध्ये मेलबर्न येथील परिषदेत झाला, त्यामुळे या फेरफारांना आणखी वेग आला. डॉक्टर मंडळी कुरकुर करतात आणि ती अगदीच अनाठायी नाही. खाते बदलले की जुन्या खात्यातील शिल्लक नव्यात ओढावी लागते, ती ओढली नाही तर गोंधळ होतो. आमच्या अहवालांवर सध्या नव्या नावापुढे जुने नाव कंसात छापले जाते.

आता त्या पाहुण्याकडे वळू. २००९ साली टोकियो येथील काझुओ सातो, कोइची माकिमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ७० वर्षांच्या वृद्धेच्या कानातील स्रावातून मिळालेल्या यीस्टचे वर्णन नवी जाती म्हणून प्रसिद्ध केले. कानात सापडले म्हणून नाव ऑरिस. मूळ नमुना जपानच्या संग्रहात जेसीएम १५४४८ या क्रमांकाने आणि हॉलंडमध्ये सीबीएस १०९१३ या क्रमांकाने जमा झाला. कानात सापडलेले हे निरुपद्रवी दिसणारे यीस्ट पुढे जगभरच्या अतिदक्षता विभागांत दहशत माजवील, असे तेव्हा कोणास वाटले नसावे.

नाव आणि नमुना प्रसिद्ध होताच ठिकठिकाणच्या शास्त्रज्ञांनी आपापली शीतकपाटे उघडली. दक्षिण कोरियात १९९६ साली एका बालकाच्या रक्तातून मिळालेले आणि तेव्हा न ओळखलेले यीस्ट हेच असल्याचे २०११ मध्ये स्पष्ट झाले. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील डॉ. अनुराधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दिल्लीतील दोन रुग्णालयांच्या १२ रुग्णांच्या रक्तातील हेच यीस्ट दाखविले. त्यावर फ्लुकोनॅझोल चालत नव्हते. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. तेथील डॉ. अरुणालोक चक्रवर्ती यांच्या गटाने देशातील २७ अतिदक्षता विभागांतून २०११-१२ मध्ये जमा केलेल्या १,४०० रुग्णांच्या नमुन्यांचा अभ्यास केला होता. त्यांत ७४ कँडिडा ऑरिस निघाले आणि ते २७ पैकी १९ विभागांतून आलेले होते. ज्या रोगाचे नाव बहुतेक रुग्णालयांनी ऐकलेही नव्हते, तो त्यांच्या खाटांवर अगोदरच आलेला होता.

अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये आणखी एक प्रश्न विचारला : हे यीस्ट पूर्वीपासूनच होते आणि केवळ ओळखले जात नव्हते, की खरोखरच नवे आले? २००४ पासून जगभरातून जमवून ठेवलेले पंधरा हजारांहून अधिक कँडिडा त्यांनी चाळले. चुकीच्या नावाखाली दडलेले चार ऑरिस सापडले, आणि ते सर्व २००९ अथवा त्यानंतरचे होते. म्हणजे पाहुणा खरोखर नवा होता. शिवाय दक्षिण आशिया, पूर्व आशिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका येथील यीस्टांच्या जनुकांत इतका फरक होता, की ते एका देशातून दुसऱ्या देशात पसरले असे म्हणता येईना. चार ठिकाणी जवळपास एकाच काळात ते स्वतंत्रपणे डोके वर काढीत होते. असे का झाले, याविषयी तर्क आहेत, वाढत्या तापमानाचाही त्यांत एक आहे, पण निश्चित उत्तर मिळालेले नाही. डॉ. चौधरी यांच्या गटाला २०२१ मध्ये अंदमानच्या खाऱ्या दलदलीत आणि वाळूच्या किनाऱ्यावरही ते आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये घातक बुरशींची यादी केली, त्यात सर्वांत गंभीर अशा चार नावांत कँडिडा ऑरिस आहे. २०२४ मध्ये तिचेही शास्त्रीय नाव बदलून कँडिडोझायमा ऑरिस असे सुचविण्यात आले आहे!

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. हे यीस्ट त्वचेवर आणि खाटेच्या कठड्यांवर दिवसेंदिवस टिकून राहते आणि काही नेहमीच्या जंतुनाशकांना पुरते दाद देत नाही. म्हणूनच अतिदक्षता विभागातील खाटा क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसल्या जातात. त्या वासाबद्दल तक्रारपेटीत आलेल्या चिठ्ठ्या मी वाचल्या आहेत, वास मात्र राहील. आत येण्यापूर्वी हात धुण्याचा आग्रह आमच्या परिचारिका धरतात, त्यात कोणाचा अविश्वास नसतो.

दुसरी गोष्ट जुलाबावर दिल्या जाणाऱ्या पुडीची. तिच्यातील सॅक्रोमायसिस बुलार्डी हे जिवंत यीस्ट असते. हेन्री बुलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात इंडोचायनात, पटकीच्या साथीत लोक लिचीच्या व मँगोस्टीनच्या फळांच्या सालींचा काढा घेतात हे पाहून ते वेगळे केले. जनुकांवरून पाहता ते पाव फुगविणाऱ्या यीस्टच्याच जातीचे आहे. सामान्य माणसास ते सोसते. परंतु मोठ्या रक्तवाहिनीत नळी घातलेल्या अथवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णाच्या रक्तात ते उतरल्याची उदाहरणे आहेत. अशा खाटेजवळ ती पुडी फोडू नये, असा आमचा नियम आहे. घरून आणलेली पुडी कृपया परिचारिकेस विचारल्याशिवाय देऊ नये.

पुण्याचे नाव घेतल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. तेथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि २००९ साली मायक्रोबियल कल्चर कलेक्शन या नावाने सुरू झालेले केंद्र आज राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र म्हणून ओळखले जाते. या केंद्राला २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय ठेवकेंद्राचा दर्जा मिळाला. एखाद्या सूक्ष्मजीवावर एकस्व मागणाऱ्याने तो अशाच केंद्रात ठेवावा लागतो. एका शहरात असे तीन संग्रह असणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि पुण्यात राहूनही पुष्कळांना तिचा पत्ता नसतो.

ताळेबंदाच्या भाषेत अशा संग्रहांची किंमत कशी लावावी, हे मला अद्याप उमगलेले नाही. कुपीची किंमत काही रुपये. वीज, नायट्रोजन आणि पगार हा कायमचा खर्च. उत्पन्न जवळपास नाही. शंभरातील नव्वद कुप्या कदाचित कधीच उघडल्या जाणार नाहीत, आणि कोणत्या दहा उघडल्या जातील ते आज सांगता येत नाही. लेखापरीक्षक अशा मालाला पडून राहिलेला साठा म्हणतात. मीही दोन वर्षे तेच म्हणालो होतो.

आपल्या रुग्णालयात आता उणे ८० अंशांचे शीतकपाट आहे. ते एका देणगीदार कुटुंबाने दिले, नाव छापू नये अशी त्यांची अट आहे. रक्तातून मिळालेले प्रत्येक यीस्ट जातीपर्यंत ओळखले जाते आणि त्याच्या दोन कुप्या ठेवल्या जातात. शीतकपाट जनित्राच्या वाहिनीवर जोडलेले असून तापमानाची नोंद रोज सकाळी व रात्री होते. नोंदवही कापडी बांधणीची, जुन्या खतावणीच्या आकाराची आहे, ती मी मुद्दाम आमच्या नेहमीच्या बाइंडरकडून बांधून घेतली. क्रमांक एकवर गुरुजींच्या रक्तातील यीस्ट आहे, कारण संदर्भ प्रयोगशाळेने आमच्या विनंतीवरून त्याची एक कुपी परत पाठविली. त्याच्या वरची ओळ डॉक्टर बाईंनी कोरी सोडली आहे.